हक्क वाचून दाखवले होते

पुलाच्या अलीकडे पोलिसांनी केशरी शंकू मांडलेले दिसले, तेव्हा क्वाक जोंगथेच्या मनात एवढंच आलं, की आता टोफू गार होणार. सकाळचे पावणेसात झाले होते. नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. टेम्पोत मागे ताजा टोफू होता, अंड्यांचे ट्रे होते, आणि ओल्या फडक्यांतून निघणाऱ्या वाफेचा वास थेट केबिनपर्यंत येत होता. साडेआठच्या आत पहिल्या वाडीत भोंगा वाजला नाही, तर म्हाताऱ्या रस्त्यावर येऊन थंडीत कुडकुडत उभ्या राहतात, हे त्याला ठाऊक होतं.

गेली एकोणीस वर्षं तो हान्गोकच्या वरच्या खोऱ्यातल्या अकरा वाड्यांना असंच सामान पोचवत होता. टोफू, अंडी, सुके मासे, मीठ, बल्ब, लोकरीचे मोजे, गुडघ्याला लावायच्या पट्ट्या. तरुण माणसं केव्हाच सोलकडे, बुसानकडे निघून गेली होती. उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या. त्यांचा बाजार म्हणजे जोंगथे, निरोप्या म्हणजे जोंगथे, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढणारा माणूस म्हणजेही जोंगथेच.

एका तरुण पोलिसानं खिडकीशी यंत्र धरलं. "फुंका."

जोंगथे बिनधास्त फुंकला. आपण प्यायलो होतो हे तो विसरला नव्हता. पण ते काल. आणि काल त्यानं स्टीअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. पैसे मोजून बदली चालक बोलावला होता. त्या चालकानं टेम्पो दारात आणून लावला आणि किल्ली जोंगथेच्या बायकोच्या, इनसुनच्या हातात दिली. मग जोंगथे पाच तास झोपला होता. उठल्यावर सोयाबीनच्या मोडांचं तिखट सूप भुरकून, गार पाण्यानं तोंड धुऊन निघाला होता. डोकं जरा जड होतं, इतकंच.

यंत्रावर लाल दिवा लागला.

"उतरा खाली," तो पोलीस म्हणाला आणि मागे वळून ओरडला, "मिन साहेब! एक आहे इकडे."

हवालदार मिन आला तसा जोंगथेचा जीव भांड्यात पडला. मिन म्हणजे सगळ्यात वरच्या वाडीतल्या मल्सुन आजीचा मुलगा. दर रविवारी आईला भेटायला येई, तेव्हा जोंगथेच्या टेम्पोमागून गाडी हाकत चढ चढे आणि गंमतीनं हॉर्न वाजवी.

"अरे, तूच आहेस होय! बरं झालं. यांना सांग बाबा, टोफू गार होतोय. तुझ्या आईलाच द्यायचाय त्यातला."

मिन हसला नाही. त्याच्या छातीवरच्या छोट्या कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत होता. "काका, काल प्यायला होतात?"

"ओकबुन आजीच्या मयताला गेलो होतो. तिथं काय पाणी पितात?"

मिनला ते माहीत होतं. सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. मंगळवारी भोंगा वाजवूनही ओकबुन आजी बाहेर आली नाही, म्हणून जोंगथेनंच कडी उचकटली होती. आजी चुलीशी कुशीवर पडली होती, हातात लसणाची पाकळी होती. सोलहून तिचा मुलगा येईपर्यंत जोंगथे तिच्याजवळ बसून होता. काल मयताच्या ठिकाणी त्या मुलानं जोंगथेचा हात सोडलाच नाही. "माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त वेळा तुम्ही बघितलंत," असं म्हणत तो पेला भरत राहिला, रडत राहिला. अशा माणसाला नको कसं म्हणायचं? दोन बाटल्या सोजू, ती तांदळाची दारू, तरी पोटात गेली असेल. दोघं उठले तेव्हा बारा वाजून गेले होते.

"काका, इकडे या. आता मी वाचतोय ते नीट ऐका," मिन म्हणाला. त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. जोंगथेला ते सगळं विचित्र वाटलं. ज्या पोराला आपण टेम्पोतून संत्री दिली, तो आपल्याला कार्डावरचं वाचून दाखवतो. मिन वाचत गेला. मोजणीआधी तोंड धुवायला पाणी मागायचा तुम्हाला हक्क आहे. आमच्याबरोबर ठाण्यात यायला नकार द्यायचा हक्क आहे, आणि आलात तरी कधीही उठून जाता येईल. गप्प राहायचा हक्क आहे. वकील बोलवायचा हक्क आहे. यंत्राचा आकडा पटला नाही तर रक्त तपासून घ्यायचा हक्क आहे. फुंकायलाच नकार दिलात तर मात्र तो वेगळा गुन्हा होतो.

"समजलं का काका?"

"समजलं रे. फुंकतो ना. कुठं नाही म्हणतोय?"

मिननं पाण्याची बाटली दिली. जोंगथेनं चुळा भरल्या. मग मिननं दुसरी बाटली उघडून दिली. "ही पिऊन टाका. घाई नाही. जरा इथल्या इथं फेऱ्या मारा."

तरुण पोलिसानं घड्याळ बघितलं. "साहेब, चुळा भरून झाल्या की लगेच घ्यायचं असतं ना?"

"मला माहीत आहे काय असतं ते."

वीस मिनिटं गेली. जोंगथे कठड्याशी फेऱ्या मारत होता. टोफूची वाफ बसली होती. मग मोठं यंत्र आलं, नवी नळी लागली, तो फुंकला, आणि पडद्यावर आकडा उमटला. ०.०७४.

मिननं सुटकेचा श्वास सोडलेला जोंगथेला ऐकू आला, पण त्याचा अर्थ तेव्हा त्याला लागला नाही.

"काका, ०.०८ च्या आत आहात. लायसन शंभर दिवस बंद. दंड होईल. पण लायसन जात नाही. शंभर दिवसांनी परत मिळतं."

"शंभर दिवस?" जोंगथेला खोऱ्यातला हिवाळा डोळ्यांपुढे दिसला. मीठ संपलेलं, बर्फात अडकलेल्या वाड्या. "अरे, मी काल गाडी चालवलीच नाही! बदली चालकाला बोलावलं होतं! विचार त्याला!"

"आत्ता चालवत होतात काका."

"आत्ता मी शुद्धीत आहे! बघ, सरळ चालून दाखवू?"

"बसा. एक फोन करायचा असला तर करा."

जोंगथेनं मेव्हण्याला फोन लावला. इनसुनचा धाकटा भाऊ गीसू शहरात जुन्या गाड्या विकायचा आणि जगातल्या प्रत्येक कामाची आतली वाट आपल्याला माहीत आहे असं समजायचा.

"दाजी, सही नका करू!" गीसू झोपेतून उठल्या उठल्याच ओरडला. "ते यंत्र म्हणजे खेळणं आहे. रक्त मागा, रक्त! हक्क आहे तुमचा. माझ्या ओळखीतल्या एकाचं रक्तात निम्मं निघालं. सुटला साफ! पोलिसांना ते नको असतं, त्यांचं काम वाढतं. ते तुम्हाला नको नको म्हणतील. ऐकू नका."

फोन ठेवून जोंगथे म्हणाला, "मला रक्त तपासून घ्यायचंय."

मिननं हातातलं यंत्र खाली ठेवलं. मग अगदी सावकाश, लहान मुलाला समजवावं तसा बोलला. "हक्क आहे तुमचा. पण नीट ऐका. रक्ताचा आकडा आला की यंत्राचा आकडा रद्द होतो. कमी आला तर कमी धरतात, जास्त आला तर जास्त. नंतर 'पहिलाच धरा' म्हणता येत नाही. कळलं?"

"कळलं."

"परत सांगतो. जास्त आला, तर जास्तच धरतात. तुम्ही ०.०७४ वर आहात."

"तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"ते मला सांगता येत नाही."

पण हे म्हणताना मिननं मान हलवली. अगदी किंचित, डावीकडून उजवीकडे. कॅमेरा त्याच्या छातीवर होता. त्याला मिनचं तोंड दिसत नव्हतं. जोंगथेला दिसलं. आणि गीसूचे शब्द कानात ताजे होते, ते नको नको म्हणतील. जोंगथेला वाटलं, हाही शेवटी पोलीसच. याला लवकर मोकळं व्हायचंय.

"रक्तच घ्या," तो म्हणाला.

दवाखान्यात नर्सनं दोन नळ्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, जोंगथेनं सह्या केल्या. दुपारी ड्यूटी संपल्यावर मिननं स्वतः टेम्पो आणून घरासमोर लावला, किल्ली इनसुनला दिली आणि चहा न घेता गेला. टोफूला आंबूस वास लागला होता. इनसुननं तो मागच्या शेतात पुरला.

सतरा दिवसांनी ठाण्यातून फोन आला. रक्तातला आकडा होता ०.०८४.

जोंगथेनं फोन खाली ठेवला नाही. तो तसाच हातात धरून ओट्यावर बसून राहिला. इनसुन आतून आली. "काय म्हणाले?"

"गेलं."

"शंभर दिवस ना?"

"लायसनच गेलं. वर्षभर नवं काढता येत नाही. मग परत परीक्षा."

इनसुन त्याच्याशेजारी बसली. एका वर्षात वरच्या वाड्यांचं काय होईल हे दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्या गीसूला मी आता दारात उभं करणार नाही."

पण संध्याकाळी गीसू दारात उभा राहिलाच, आणि दुसऱ्या दिवशी जोंगथेला बसनं जिल्ह्याच्या गावी घेऊन गेला. लायसनच्या कचेरीसमोर, दुसऱ्या मजल्यावर, जेगाल नावाचा अर्जनवीस बसायचा. साठीचा, गोरापान, पायाशी विजेची शेगडी, टेबलावर संत्र्यांच्या सालींचा ढीग. त्यानं कागद वाचले आणि मान डोलावली.

"वाईट नाही. वाहन चालवण्यावरच पोट असलेल्यांसाठी वेगळा अर्ज असतो. आकडा ०.१ च्या आत हवा, अपघात नको, जुना गुन्हा नको. तुमचं तिन्ही बसतंय. मंडळाला पटलं, तर रद्द झालेलं लायसन नुसतं एकशेदहा दिवस बंद राहतं."

"पटतं का त्यांना?"

"दहांतल्या दोघातिघांचं पटतं. तुमची गोष्ट चांगली आहे. फिरतं दुकान, म्हाताऱ्या, मयत झालेली आजी. त्या म्हाताऱ्यांची पत्रं आणा. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, अंगठा त्यांचा घ्या."

जोंगथे वर गेला तो बसनं. खोऱ्यात दिवसाला दोनच बस जात, आणि त्याही निम्म्या वाड्यांच्या खालीच थांबत. उरलेलं अंतर त्यानं पायी तुडवलं. आठवडा लागला. म्हाताऱ्या त्याला बघून आधी रागावत, मग हसत, मग रडत.

"मेल्या, कुठं होतास? तीन आठवडे मी बिनअंड्याची जेवतेय!"

"पायी आलास? पायाची काय लाकडं झालीत का?"

मल्सुन आजीचं घर सगळ्यात वर होतं. तिनं त्याला ऊबेला बसवलं, बटाटे भाजून दिले आणि पत्र सांगायला सुरुवात केली. "लिही. हा माणूस आला नाही, तर मी मीठ कुठून आणू? लिहिलंस? गेल्या माघात माझं गॅसचं नळकांडं यानं पाठीवर घेऊन वर आणलं. लिहिलंस? आता लिही, यानं दारू प्यायली ती चूक झाली, पण मेलेल्या बाईच्या मुलाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या घरी कोणी मेलं नाही का, असं विचार त्यांना."

"आजी, असं सरकारला विचारत नाहीत."

"का? सरकार मरत नाही?" ती बोखं हसली. लाल शाईत अंगठा बुडवून तिनं तो पत्रावर दाबला. मग म्हणाली, "माझा पोरगा पोलिसात आहे, माहीत आहे ना? त्याला सांगू का?"

मिननं आईला काही सांगितलं नव्हतं, हे जोंगथेला तेव्हा कळलं.

"नको आजी," तो म्हणाला. "त्याला कशाला त्रास."

तेवीस पत्रं झाली. जेगालनं ती एकेक करून वाचली, डोळे पुसल्यासारखं केलं, आणि नवं संत्रं सोलायला घेतलं. "झकास. पण नुसत्या दयेवर सोडायचं नाही. एखादा कायद्याचा मुद्दा लागतो. मला सांगा, रक्त घ्यायच्या आधी त्या हवालदारानं स्पष्ट सांगितलं होतं का, की जास्त आकडा आला तरी तोच धरतात?"

"सांगितलं होतं. दोनदा."

"नक्की?"

"हो."

"तुम्ही घाबरलेले होता. थंडी होती. आदल्या रात्रीची उतरली नव्हती. माणसाला अशा वेळी काय ऐकू येतं नि काय नाही!" त्यानं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "सांगायचा त्याचा धर्म होता. त्यानं नसेल सांगितलं, तर तुमच्या हक्काची पायमल्ली झाली, आणि रक्ताचा आकडा बाद होऊ शकतो. मग यंत्राचा राहिला. शंभर दिवस. मी प्रश्न विचारतोय हं. उत्तर तुमचं."

"कागदावर माझी सही आहे."

"न वाचता सह्या करणारे जगात थोडे आहेत का?"

गीसू त्याच्या कानाशी लागला. "दाजी, त्याचं काय जातंय? सरकारी नोकरी. एक खुलासा लिहून देईल नि मोकळा होईल. तुमचं तर सगळंच जातंय."

जोंगथेनं त्या दिवशी सही केली नाही. कागद घरी आणला, घडी करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी इनसुननं तो उलगडून वाचला.

"हा मिन म्हणजे मल्सुन आजीचा?"

"हो."

"त्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

जोंगथे बुटांच्या नाड्या बांधत होता. "आता आठवत नाही."

इनसुननं त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला खूप काही ऐकवलं होतं, त्या वेळी ऐकवलं नाही. कागद होता तसा घडी करून ठेवला आणि ती कोबी धुवायला मागे निघून गेली. जोंगथेला वाटलं, ती एकदा जरी 'नको' म्हणाली असती, तर आपण तो फाडला असता. पुढे कितीतरी दिवस तो हेच स्वतःला सांगत राहिला. पण 'नको' तिनं म्हणायला हवं होतं असं तरी का, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही. दहाच्या बसनं तो जेगालकडे गेला आणि सही करून आला.

महिन्याभरानं त्याला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावणं आलं. एका लहानशा खोलीत चष्मेवाला अधिकारी बसला होता. समोर अर्जाची फाईल होती, वर म्हाताऱ्यांची पत्रं टोचलेली.

"बसा क्वाक साहेब. तुमचं म्हणणं असं की हवालदारानं तुम्हाला रक्ततपासणीचा परिणाम समजावला नाही."

"मला... नीट कळलं नव्हतं."

"नीट कळलं नव्हतं, की सांगितलं नव्हतं? इथं लिहिलंय सांगितलं नव्हतं."

जोंगथेनं टोचलेल्या पत्रांकडे बघितलं. "सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर पूल होता, धुकं होतं, आणि स्वतः जोंगथे होता, लालबुंद, केस विस्कटलेला, त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तोल गेलेला. मिन दिसत नव्हता, त्याचा फक्त आवाज येत होता. सावकाश, एकेक शब्द सुटा. कमी आला तर कमी धरतात, जास्त आला तर जास्त. कळलं? आणि पडद्यावरचा जोंगथे म्हणत होता, कळलं. परत सांगतो.

अधिकाऱ्यानं चित्र थांबवलं. तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चित्र मागे नेलं आणि दुसऱ्याच जागी थांबवलं. "आता मला हे सांगा. हा तुम्हाला दुसरी बाटली देतोय. फेऱ्या मारायला सांगतोय. बरोबरचा पोलीस नियमाची आठवण करून देतोय. ही वीस मिनिटं कशासाठी?"

"ती... माझ्यासाठी थांबला तो. मी वयस्क, म्हणून."

"म्हणजे आकडा उतरावा म्हणून?"

"नाही, नाही! तसं नाही. तो चांगला मुलगा आहे. साहेब, माझी तक्रार मी मागे घेतो. ते सांगितलं नव्हतं असं लिहिलंय ते खोडा. त्यानं सांगितलं होतं. मीच..."

"अर्ज दाखल झालाय क्वाक साहेब. आणि हे चित्र तुमच्या तक्रारीमुळेच बघावं लागलं. नाहीतर कोण बघतं?"

दहा दिवसांनी पाकीट आलं. इनसुननं वाचून दाखवलं, कारण जोंगथेनं चष्मा सापडत नाही असं सांगितलं. अर्ज फेटाळला होता. अर्जदाराचा व्यवसाय आणि ग्रामस्थांची पत्रं विचारात घेतली, तरी अर्जदाराने वस्तुस्थितीविरुद्ध कथन केले असून त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झालेला दिसत नाही. खाली शिक्का.

"पश्चात्ताप," इनसुन म्हणाली, आणि तिनं पाकीट चुलीजवळ ठेवलं.

टेम्पो विकायला काढला होता. जोंगथे आतल्या फळ्या धूत असताना फाटकाशी मिन येऊन उभा राहिला. गणवेश नव्हता. साधा जाड कोट होता, त्यात तो लहान दिसत होता.

"ये," जोंगथे म्हणाला. हातातलं फडकं कुठं ठेवावं ते त्याला सुचेना. "आत ये ना. चहा टाकायला सांगतो."

"नको, इथंच बरा आहे." मिन फाटकाच्या खांबाला टेकला. "काका, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतंस."

"दोनदा सांगितलं."

"हो."

"मग?"

जोंगथेनं तोंड उघडलं. "तो जेगाल म्हणाला, की..."

"जेगालनं सही नाही केली काका."

फळ्यांवरचं पाणी टपटप खाली पडत होतं. जोंगथेनं विचारलं, "तुझं काय झालं?"

"न सांगितल्याच्या आळातून कॅमेऱ्यानं वाचवलं. त्या वीस मिनिटांतून नाही वाचवलं. पगार कापला, बढती थांबली, आणि पूर्व किनाऱ्याला बदली. सोमवारी हजर व्हायचंय. तिथून इथं यायला पाच तास लागतात. रविवारचं आता जमेल असं वाटत नाही."

"मी जातो तुझ्या साहेबांकडे. पायावर डोकं ठेवतो."

"नका जाऊ. तुम्ही काही सांगायला गेलात की माझं वाढतं." हे तो रागानं म्हणाला नाही, खरंच तसं होतं म्हणून म्हणाला. मग बराच वेळ तो टेम्पोकडे बघत राहिला. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तू काय केलं असतंस. मी मान हलवली होती. बघितलं नव्हतंत का?"

"बघितलं होतं."

मिननं मान खाली घातली. "आईला काही सांगू नका. मीच सांगेन," तो म्हणाला आणि निघून गेला.

टेम्पो खालच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं घेतला. तो फक्त खालच्या सहा वाड्यांना जायचा. वरच्या पाच वाड्यांचा चढ, तिथलं गिऱ्हाईक आणि डिझेल यांचा मेळ बसत नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. जोंगथेला अंड्यांच्या कारखान्यात ट्रे भरायचं काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी तो पाठीवर पिशवी घेऊन बसनं वर जायचा. मीठ, मोजे, थोडा टोफू. मावेल तेवढं. म्हाताऱ्या म्हणत, "हे काय, चिमणीचा घास आणलास?" आणि तेवढ्यावरही झडप घालत. त्या हिवाळ्यात त्यांतल्या दोघींना मुलांनी खाली शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. एक गेली. तिची कडी दुसऱ्याच कोणीतरी, चार दिवसांनी उचकटली.

मल्सुन आजीकडे जायचं तो टाळत होता. शेवटी फेब्रुवारीच्या एका दुपारी, बर्फ थोडं विरल्यावर, तो चढ चढून गेला. आजी अंगणात सुकलेल्या मिरच्या निवडत बसली होती. त्याला बघून ती उठली नाही.

"आजी, मीठ आणलंय."

तिनं मिरची निवडता निवडताच विचारलं, "माझं पत्र कुठल्या अर्जाला लावलं होतंस?"

जोंगथे उभाच राहिला. "माझ्याच."

"ज्यात माझ्या पोराचं नाव होतं, त्याच?"

"हो आजी."

"म्हणजे वर माझा अंगठा, आणि खाली त्याच्यावर आळ." तिनं आपला उजवा अंगठा वर धरून बघितला, जणू त्यावर अजून लाल शाई असेल. "मला वाचता येत नाही, म्हणून तू लिहीत होतास. मी सांगत होते नि तू लिहीत होतास. तेव्हा तुझ्या मनात होतं का हे?"

"नाही. तेव्हा नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"मग कधी आलं?"

तो गुडघे टेकून ओल्या अंगणात बसला, कपाळ जमिनीला लावलं. आजीनं त्याला उठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मिरच्यांचा आवाज तेवढा येत राहिला, देठ मोडल्याचा, एकेक.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उठा. कपडे भिजतील." एकोणीस वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं. "मीठ आहे माझ्याकडे. तुम्ही आता इतका चढ चढून येत जाऊ नका."

तो उठला. मिठाची पिशवी तिथंच ठेवावी की न्यावी, हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ती परत पाठीवर घेतली. खाली बसथांब्याला पोचला तेव्हा बसला सव्वा तास होता. थांब्याच्या पत्र्याखाली वारा घुसत होता. पँटचे गुडघे ओले होते आणि हळूहळू कडक होत चालले होते. बस आली तेव्हा चालकानं ओळखून विचारलं, "काय जोंगथे, सगळं खपलं का?" जोंगथे हो म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.